दोन नंबरच्या पंपापाशी

मी हल्ली उभ्याने काम करतो. टेबलाच्या चारही पायांखाली विटा सरकवल्या आहेत, त्यावर संगणक, दोन स्पीकर, एक रेकॉर्डर. घरी येणारे विचारतात, तर मी 'पाठ' म्हणून मोकळा होतो. पाठीचं नाव काढलं की लोक स्वतःच्या पाठीचं सांगायला लागतात आणि माझी सुटका होते.

धंदा आवाजाचा. एखाद्या जागी जायचं, तिथले आवाज टिपायचे आणि ते एकावर एक रचून असं काहीतरी करायचं की ऐकणाऱ्याला वाटावं, आपण त्या जागेच्या पोटात बसलोय. "म्हणजे गाणं नाही? नुसता आवाज?" असं नातेवाईक विचारतात. आईने तर शेजारी सांगून ठेवलं होतं की तो रेडिओ दुरुस्त करतो. मी चिडायचो. मग तेही सोडून दिलं.

आमच्या कामात एक पद्धत आहे. जागेतले सगळे आवाज घेऊन झाले की शेवटी तिथली शांतता घ्यायची. कुठलीही खोली गप्प असली तरी तिचा स्वतःचा एक आवाज असतो, आणि तो घेतल्याशिवाय बाकीचं सगळं चिंध्यांसारखं सुटं राहतं. तेवढी पाच मिनिटं खोलीतल्या प्रत्येकाने आहे तिथे उभं राहायचं. बोलायचं नाही, हलायचं नाही, खुर्चीत बसायचंही नाही, कारण खुर्ची करकरते. मी डोळे मिटून, हेडफोन लावून उभा असतो. या पाच मिनिटांच्या बाबतीत मी फार कडक होतो. कडक कसला, माजोरडा होतो.

गेल्या वर्षी पाणी खात्याच्या इंजिनिअरबाईंचा फोन आला. गावाबाहेरचं जुनं पंपघर बंद होणार होतं, नवं स्वयंचलित केंद्र सुरू झालं होतं. निरोपाचा कार्यक्रम पंपघरातच करायचा, आणि भाषणांऐवजी त्या जागेच्या आवाजांची वीस मिनिटांची रचना ऐकवायची, अशी त्यांची कल्पना. "तुमचे वडील तिथेच होते ना? मग तुमच्याशिवाय कोण करणार?" त्या म्हणाल्या. "आणि शेवटी ती शांतता हवी हं. ती तुमची बक्षीस मिळालेली. मी ऐकली तेव्हा अंगावर काटा आला होता."

मी हो म्हणालो. फोन ठेवल्यावर बराच वेळ बेसिनपाशी उभं राहून तोंडावर पाणी मारत होतो.

पंपघर जमिनीखाली आहे. लोखंडी दारातून आत गेलं की बारा पायऱ्या उतरायच्या. खाली लांबट खोली, कमरेपर्यंत हिरवा तेलरंग, एका ओळीत तीन पंप आणि त्यांच्यासमोर लोखंडी कठडा. वास तेलाचा आणि ओल्या लोखंडाचा. बाबांच्या कपड्यांनाही तोच यायचा. त्यांनी एकतीस वर्षं दोन नंबरचा पंप सांभाळला.

तिन्ही पंप चालू असले की शेजारच्याचं बोलणंही ऐकू येत नसे, म्हणून तिथल्या लोकांनी हातांची भाषा केली होती. तळहात पुढे धरला की 'जागा सोडू नको'. स्वतःच्या खांद्यावर दोनदा थोपटलं की 'पाळी संपली, नीघ'. तळहात दाखवलेल्या माणसाने खांद्याची खूण मिळेपर्यंत पाऊल उचलायचं नाही, हा तिथला नियम. एकाच्या हलण्याने दुसऱ्याचा हात यंत्रात गेला असता. बाबांनी ती भाषा घरी आणली. पाहुणे बसलेले असताना आई मला आणि ताईला लांबूनच खांदा थोपटून दाखवायची, की आम्ही पळालोच खेळायला. आणि अभ्यासाच्या टेबलावरून उठायला लागलो की तिचा तळहात यायचा.

मिस्त्री अजून होते तिथे. बाबांचे जोडीदार, आता निवृत्तीला आलेले. मला बघून म्हणाले, "या, कानवाले! बापाची जागा आठवली शेवटी?"

मी हसलो. हसण्यासारखं काही नव्हतं.

दोन दिवसांत दार, पायऱ्या, चाव्या, वाल्व, पाईपातून जाणाऱ्या पाण्याची गुरगुर, सगळं घेतलं. पंप शेवटचे बंद केले तेही घेतलं. मोठं जनावर बसावं तसे तिघेही एकामागून एक खाली बसत गेले. मग राहिली शांतता. जुनी शांतता माझ्याकडे होती, पण ती वापरायची नव्हती. नवीन घेऊ, इंजिनिअरबाईंना काय कळतंय, असं मी ठरवलं. मिस्त्रींना गप्प उभं राहायला सांगितलं, मनगटावरच्या घड्याळात पाच मिनिटं मोजली आणि रेकॉर्डर थांबवला.

आकडा होता चार मिनिटं एकोणपन्नास सेकंद.

घड्याळ पुढे असेल. पुन्हा घेतलं, चार एकोणपन्नास. सेल बदलले, तेच. वर अंगणात जाऊन घेतलं तर बरोबर पाच. गाडीतून दुसरा रेकॉर्डर आणला. मिस्त्रींच्या हातात त्यांचाच मोबाईल दिला आणि म्हटलं, तुम्ही मोजा. त्यांनी ओठ हलवत तीनशे आकडे मोजले. चार एकोणपन्नास.

"अकरा सेकंद कुणी खाल्ले रे?" मिस्त्री म्हणाले. त्यांचा सूर थट्टेचा होता, पण ते बोलताना कठड्यापासून दोन पावलं मागे सरकले.

मी विचारलं, "काय झालं?"

"काही नाही. दोन नंबरपाशी आम्ही कोणी उभं राहत नाही हल्ली."

"का?"

त्यांनी मान खाजवली. "गर्दीत कसं, एखादी जागा भरलेली असते आणि आपण वळसा घालून जातो? तसं होतं." मग जरा वेळाने म्हणाले, "आणि तो गळत नाही रे. पंपाच्या दांड्यापाशी पाणी ठिबकतंच, तासातासाला चावी घेऊन आवळावं लागतं. एक नंबर आवळतो, तीन नंबर आवळतो. याला तुझे वडील गेल्यापासून चावी लावलेली नाही. थेंब नाही."

मी त्या पंपाकडे बघितलं. समोरच्या कठड्याचा रंग एका जागी वीतभर उडाला होता आणि आतलं लोखंड लखलखत होतं. रोज हात लागल्याशिवाय लोखंड तसं राहत नाही.

आता लाज गुंडाळून सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही.

त्याच्या तीन वर्षं आधी त्याच खोलीत मी पहिल्यांदा शांतता घेतली होती. तेव्हा पंप महिन्यातून एकदाच अर्धा तास बंद ठेवत. बाबांनीच साहेबांची परवानगी काढली होती. माझा लेक मोठा कलाकार आहे, त्याला आपल्या पंपघराचा आवाज हवाय, असं सगळ्यांना सांगत सुटले होते. मिस्त्री वर चहाला गेले. खाली मी आणि बाबा. ते दोन नंबरपाशी कठडा धरून उभे, मी चार हातांवर, डोळे मिटून. दोन मिनिटं झाल्यावर बाबा बोलले.

"अरे, बसू का जरा? कसंतरी होतंय." मग थोडं थांबून, "सकाळी उगाच बोललो रे तुझ्या आईला."

मला ऐकू आलं नाही असं म्हणायची सोय नाही. माझ्या हेडफोनमध्ये कुजबुजसुद्धा कानाशी तोंड आणल्यासारखी येते. मी ऐकलं. त्यांचा दम लागलेला ऐकला. आणि मनात पहिलं काय आलं असेल? की झालं, घाण केली, आता नव्याने घ्यावं लागणार. मी डोळेही उघडले नाहीत. तळहात पुढे धरला.

बाबांनी एकतीस वर्षं ती खूण मोडली नव्हती. त्या दिवशीही मोडली नाही.

पाच मिनिटं संपली तेव्हा मी डोळे उघडले. ते उभेच होते. चेहरा राखेसारखा, सदरा घामाने चिकटलेला, डोळे माझ्या हातावर. मी हात खाली केला आणि ते कोसळले. दवाखान्यात पोचेपर्यंत संपलं होतं.

घरी मी सांगितलं, मी गाडीतून वायर आणायला वर गेलो होतो. आलो तर पडलेले होते. आईने विचारलं, "काही बोलले का रे?" मी म्हणालो, नाही.

त्या सकाळी दोघांचं वाजलं होतं. आई म्हणत होती, बरं वाटत नाही तर जाऊ नका. बाबा तिच्या अंगावर ओरडले आणि डबा न घेता निघून गेले. तेव्हापासून ती तेच उगाळत बसायची. रागात गेले, एक शब्द न बोलता गेले. दर महिन्या-दोन महिन्यांनी, भांडी पुसताना, कपड्यांच्या घड्या घालताना, सहज विचारल्यासारखं विचारायची, "खरंच काही बोलले नाहीत?" आणि मी मान हलवायचो. तिला हवं ते वाक्य माझ्याकडे होतं, आणि तिला ते द्यायचं तर पुढचा तळहातही द्यावा लागला असता. मी नाही दिलं. बोलण्याचा तेवढा भाग कापून फेकला, दोन टोकं जोडली, आणि उरलेली शांतता एका रचनेत वापरली. ती अकरा सेकंद कमी आहे. तिलाच ते बक्षीस.

तर मी नव्या फायली घरी आणल्या आणि कान देऊन ऐकायला बसलो. तेव्हा बसता येत होतं. दोन मिनिटं सहा सेकंदांवर एक बारीक 'टक्' आला. दुसऱ्या फाईलमध्ये तिथेच. तिसऱ्या, चौथ्या, दोन्ही रेकॉर्डरवरच्या, सगळ्यांत तिथेच. जोड नीट घासला नाही की असा आवाज राहतो. प्रत्येकाचा जोड वेगळा असतो, शिंप्याला स्वतःचा टाका ओळखू येतो तसा मला माझा येतो. जुनी फाईल काढून शेजारी लावली. दोन मिनिटं सहा सेकंद. टक्.

मी त्या दिवशी घाईत, रडत जोड मारला होता, तो होता हा. नव्या फायलींना मी अजून हातही लावलेला नव्हता. ती खोलीच आता तशी कापलेली येत होती.

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी ताईचा फोन. "आईला घेऊन येतेय. नवीन साडी काढलीय तिने. काल रात्री मला म्हणते, त्या आवाजांत यांचा कुठे असेल का गं? मी म्हटलं, तुझ्या लेकालाच विचार." मग म्हणाली, "आहे का रे? असेल तर घाल की. तुझं काय जातंय?"

"नाहीये," मी म्हणालो.

होता. फेकला म्हणालो ते खोटं. कापलेला तुकडा मी 'नको' नावाच्या फाईलमध्ये ठेवला होता. तीन वर्षं तो उघडला नव्हता की पुसलाही नव्हता. त्या संध्याकाळी उघडला. बाबांचा आवाज मला वाटत होता त्याहून बारीक होता. मी तो नव्या शांततेत जागच्या जागी बसवला. दोन टोकं इतकी बिनबोभाट जुळली की माझा मलाच विश्वास बसेना. उद्या आई ऐकेल, मग मी सगळं सांगेन, मग जे व्हायचं ते होईल. किती दिवसांनी मला भूक लागली.

सकाळी दहाला पंपघरात आठ स्पीकर लावून झाले. चाळीस खुर्च्या. जुने कामगार, त्यांच्या बायका, खात्यातली माणसं. पहिल्या रांगेत आई आणि ताई. इंजिनिअरबाईंनी माझी ओळख करून दिली. वडिलांच्या कष्टांना मुलाने वाहिलेली आदरांजली, असं काहीतरी म्हणाल्या. टाळ्या वाजल्या. आई माझ्याकडे बघून कौतुकाने हसली.

मी 'नको' काढून टाकला. सगळ्यांदेखत, मान खाली घालून, एका बोटाने.

रचना सुरू झाली. पायऱ्या, दार, चाव्या. बंद पडलेले पंप स्पीकरांतून पुन्हा सुरू झाले तेव्हा म्हाताऱ्या कामगारांची पावलं खाली आपोआप ठेका धरायला लागली. मिस्त्री डोळे पुसत होते. मग एक नंबर बसला, तीन नंबर बसला, शेवटी दोन नंबर. शांतता सुरू झाली.

मी पडद्यावरचे आकडे बघत होतो. एक मिनिट. दीड. दोन.

दोन मिनिटं सहा सेकंदांवर 'टक्' झालं आणि आकडे थांबले.

बटणं दाबून पाहिली. काही हलेना. स्पीकर मुके झाले होते. खोलीत कोणी खोकलं नाही, कोणाची खुर्ची करकरली नाही. मला काहीच ऐकू आलं नाही, हे शपथेवर सांगतो. कानांवरच जगणारा माणूस मी, आणि मला काहीच ऐकू आलं नाही.

आईने मान वर केली.

ती दोन नंबरकडे बघत होती. आधी कपाळाला आठी पडली, लांबून कोणी बोलत असलं की पडते तशी. मग आठी विरली.

"इश्श, त्यात काय एवढं," ती हळूच म्हणाली. "मी नाही हो मनात धरलं."

ताईने तिचा हात धरला. आईने तो सोडवला आणि उठून उभी राहिली.

"बसा ना. किती वेळ उभे राहाल?"

समोर कोणी नव्हतं.

आईने उजवा हात उचलला आणि स्वतःच्या खांद्यावर दोनदा थोपटलं.

दोन नंबरच्या पंपाखाली थेंब पडला. मग दुसरा. मग ठिबकायला लागलं.

मिस्त्री ताडकन उभे राहिले, पण पुढे कोणी गेलं नाही. पडद्यावरचे आकडे पुन्हा चालू झाले होते. मी आईकडे जायला निघालो. तिने वळून माझ्याकडे बघितलं. तिच्या नजरेत राग नव्हता. दुसरं काय होतं, ते मला सांगता येत नाही.

तिने तळहात पुढे धरला.

मी थांबलो.

शांतता संपली, टाळ्या झाल्या, लोक येऊन हात मिळवून गेले. इंजिनिअरबाई म्हणाल्या, मधली ती पूर्ण मुकी जागा तर कमाल होती. खुर्च्या उचलून नेल्या. ताई आईला घेऊन गेली. मी दुपारपर्यंत तिथेच उभा होतो. शेवटी मिस्त्रींनी दंडाला धरून मला पायऱ्यांवरून वर आणलं. कार्यक्रमाचं मी वेगळं रेकॉर्डिंग लावून ठेवलं होतं. ते घड्याळाशी ताडून बघितलं तर सेकंदभरही कमी नव्हतं.

याला आता सात महिने झाले. आईची तब्येत सुधारलीय. नीट जेवते, झोपते, ताईशी हसून-खिदळून बोलते. "ते बोलले माझ्याशी," एवढंच एकदा म्हणाली. "पाय फार दुखत होते म्हणे त्यांचे. कोणी उभं केलं होतं, कोण जाणे." आणि भाजी निवडायला लागली. मला तिने पुन्हा कधी काही विचारलं नाही.

मला खुर्ची चालत नाही. टेकायला गेलो की छातीत धस्स होतं, आईने धरलेल्या तळहाताची खूण मोडतोय असं वाटतं, आणि मी ताठ होतो. झोपतो तोही भिंतीला पाठ लावून, जेवढी लागेल तेवढी. डॉक्टर झाले, गोळ्या झाल्या. ताई म्हणते, नाटकं करतोस. उपाय मला माहीत आहे. आईने एकदा खांदा थोपटला की झालं. पण ते मागायचं तर कशाबद्दल मागतोय ते सांगावं लागेल.

दर रविवारी जातो. उभ्याउभ्या चहा पितो, ती समोर बसलेली असते, मी तोंड उघडतो आणि हवापाण्यावर बोलून परत येतो. बोलून जमत नाही तर लिहून काढावं आणि तिच्या हातात द्यावं, म्हणून हे लिहायला घेतलं. चार रविवार ते खिशातच घालून परत आलोय. काल निघताना ती दारापर्यंत आली. तिचा हात उचलला गेला, खांद्यापर्यंत गेला.

तिने पदर सारखा केला आणि दार लावून घेतलं.